दख्खनचा वली

उर्दू कविता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली आणि लखनौ उभी राहतात. मीर, गालिब ही नावे निदान कानावरून गेलेली असतात. पण ज्याच्या दिवाणामुळे दिल्लीचे कवी फारसी बाजूला सारून उर्दूत मन लावून लिहू लागले तो वली औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की मराठवाडाच लागतो. तेव्हा तो आपला शेजारीच म्हणायचा.

वलीचा जन्म 1667 च्या सुमाराचा. त्याच्या पूर्ण नावाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि गुजरातही त्याला आपला म्हणते. त्याला स्वतःला दोन्ही मुलखांचा लळा होता. सुरत शहराच्या स्तुतीची मसनवी त्याने रचली, तशीच गुजरातच्या विरहाची कविताही.

तो विशीत असतानाच, 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा मोगलांनी घेतले. दख्खनी कवितेचे दोन्ही आश्रयदाते दरबार उठले. गोवळकोंड्याचा महंमद कुली कुतुबशहा तर स्वतःच दिवाण लिहिणारा सुलतान होता. म्हणून वलीला उर्दूचा आद्य कवी म्हणण्याची जी रीत पडली, ती मला पटत नाही. त्याच्यामागे मोठा वारसा होता. त्याची भाषा मात्र बाजाराची, छावणीची, दर्ग्याची. मराठीतला ‘नको’ दख्खनीने ‘नक्को’ करून घेतला, आपला जोर देणारा ‘च’सुद्धा उचलला. आठवडी बाजारात कोण कुणाची भाषा बोलतो हे जसे सांगता येत नाही, तसेच ते होते.

1700 साली औरंगजेब दख्खनेत मराठ्यांच्या किल्ल्यांना वेढे घालीत होता, आणि वली निघाला दिल्लीला. तेथे त्याला शाह सादुल्ला गुलशन नावाचे सूफी कवी भेटले. फारसी कवितेतले विषय तू तुझ्या बोलीत आण, असा सल्ला त्यांनी दिल्याचे मीरने 1752 च्या सुमारास नोंदवले आहे. ही हकीकत दिल्लीकरांना फार आवडते. मला मात्र शंका येते. तेहेतीस वर्षांचा, हात बसलेला कवी एका भेटीत कविता शिकतो काय? दक्षिणेकडून आलेले मोठेपण मान्य करताना गुरू तरी आपला असावा, असे दिल्लीला वाटले असेल.

वलीने बांधली ती मुख्यतः गझल. तिचा प्रत्येक शेर स्वतःपुरता पुरा. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींना काफिया आणि रदीफ. पुढे फक्त दुसऱ्या ओळीला. शेवटच्या मक्त्यात कवीचे नाव. काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यामागे जसाच्या तसा येणारा शब्द. नियम फारसीचेच, पण त्यांत वलीने ‘सजन’, ‘मोहन’, ‘नैन’ हे शब्द बिनदिक्कत बसवले, आणि शेजारी फारसी समास. घरी बोलतो ती भाषा वहीत लिहायची नसते, हे आमच्यासारख्यांना शाळेत लवकर कळते. वलीने ती दिवाणात लिहिली.

1720 च्या सुमारास हा दिवाण दिल्लीत पोहोचला आणि त्यातले शेर लहानथोरांच्या तोंडी झाले. तोवर तेथे रेख्त्यात लिहिणे हा गमतीचा भाग समजला जाई. आता आबरू, नाजी, हातिम वलीच्या वाटेने लिहू लागले. हातिमने त्याला उस्ताद मानले. पण पुढे याच हातिमने आपल्या कवितेतून देशी शब्द वेचून काढले. वली आवडला, त्याची बोली नको झाली. हे वाचताना मन खट्टू होते.

वलीला यातले काहीच दिसले नाही. औरंगजेब अहमदनगरला वारला त्याच 1707 साली वलीचे अहमदाबादेत निधन झाले. पुढच्या दहा वर्षांच्या आत औरंगाबादेत सिराज जन्मला आणि दख्खनची गझल तिच्या घरी चालू राहिली. 1834 मध्ये गार्सां द तासी या फ्रेंच पंडिताने वलीची कविता पॅरिसला छापली.

त्याची कबर अहमदाबादेत शाहीबागला होती. 2002 च्या दंगलीत ती पाडली गेली आणि थोड्याच दिवसांत त्या जागेवरून डांबरी रस्ता झाला.