तक्ता न पाहता साइन काढणारे पहिले भास्कर

भास्कर म्हटलं की 'लीलावती'कार भास्कराचार्य आठवतात. पण त्यांच्याही सुमारे ५०० वर्षं आधी आणखी एक भास्कर होऊन गेले. आर्यभटांनी एका श्लोकात साइनचा २४ आकड्यांचा तक्ता दिला होता. इ.स. ६२९ मध्ये 'आर्यभटीया'वर भाष्य लिहिताना या भास्करांनी तो तक्ता कसा तयार होतो, हे समजावलं.

'महाभास्करीय'मध्ये मात्र त्यांनी तक्त्याशिवायची सोपी रीत दिली. आजच्या भाषेत ती अशी: १८० मधून कोन वजा करा, उत्तराला कोनानेच गुणा. हा गुणाकार ४०५०० मधून वजा करा आणि जे उरेल त्याने गुणाकाराच्या चौपटीला भागा.

३० अंशांना उत्तर येतं नेमकं अर्धं. ४५ अंशांना ०.७०५९, खरी किंमत ०.७०७१. अचूकता किंचित घटली, पण गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही साइन काढता येऊ लागला.