एका सहीची किंमत

१ मे हा दिवस आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून साजरा होतो. कामगार दिनाचे मूळ शिकागो शहरात आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या प्रकरणात न्यायासाठी आपली खुर्ची पणाला लावणारे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांचे नाव सहसा कोणी घेत नाही.

आल्टगेल्ड यांचा जन्म १८४७ साली जर्मनीत झाला. ते तान्हे असतानाच आईवडील अमेरिकेत ओहायो राज्यात आले. घरची शेती, जोडीला दारिद्र्य. वडिलांना मुलाच्या पुस्तकांपेक्षा त्याचे शेतातले हात मोलाचे वाटत. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात गेले. परतल्यावर शाळेत शिकवले, रेल्वेमार्गावर मजुरी केली आणि धडपडत वकील झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून त्यांच्या आयुष्यातला हा काळ मला फार जवळचा वाटतो.

१८७५ मध्ये ते शिकागोत आले. तिथे पैसा आणि मान दोन्ही मिळाले. तरीही १८८४ साली त्यांनी पुस्तक लिहिले ते तुरुंगात पिचणाऱ्या गोरगरिबांवर. पुढे ते न्यायाधीश झाले आणि १८९२ मध्ये इलिनॉय राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

त्याआधी १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत मोठा संप झाला होता. ४ मे रोजी हेमार्केट चौकातील सभेत बाँब पडला, पोलीस मेले. बाँब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ जणांना दोषी ठरवले गेले. चौघे १८८७ मध्ये फाशी गेले, एकाने तुरुंगात जीव दिला, तिघे कैदेत राहिले.

२६ जून १८९३ रोजी आल्टगेल्ड यांनी त्या तिघांना मुक्त केले. केवळ दया दाखवली असती, तर पुष्कळांनी ती मान्य केली असती. कारण सुटकेसाठी शहरातील प्रतिष्ठितांचेही अर्ज होते. परंतु ज्युरी पक्षपाताने निवडली गेली, पुरावा अपुरा होता आणि न्यायाधीशांचे मन आधीच कलुषित होते, असे त्यांनी कारणांसह मांडले. हेच लोकांना सोसले नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना परका आणि अराजकवादी ठरवले.

तरी ते डगमगले नाहीत. त्याच वर्षी चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात राबवण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून त्यांनी फ्लॉरेन्स केली या बाईंना नेमले. १८९४ च्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी राज्याला न विचारता फौज धाडली, तेव्हा त्यांनी जाहीर निषेध केला.

१८९६ ची निवडणूक ते हरले. संपत्तीही गेली. १९०२ मध्ये वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दया दाखवणाऱ्याला समाज डोक्यावर घेतो. पण अन्यायाला अन्याय म्हणणाऱ्याला? आपण पदवीधर होऊ, उद्या कुठल्यातरी खुर्चीत बसू, कागदांवर सह्या करू. तेव्हा आपले हात थरथरतील की नाही, हा प्रश्न आल्टगेल्ड आपल्यापुढे ठेवून गेले आहेत.