डॉ. मेघनाद साहा : ताऱ्यांचा प्रकाश वाचणारा शास्त्रज्ञ

वसतिगृहात राहून शिकलेल्यांच्या या स्मरणिकेत आम्ही अशाच एका वसतिगृहवासी विद्यार्थ्याचे चरित्र सादर करीत आहोत. त्याच्यासोबत एका पंगतीत जेवायला त्याच्या काही सहाध्यायांनी नकार दिला होता. पुढे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ताऱ्यांचा प्रकाश कसा वाचावा, हे त्यानेच शिकविले.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ यांचे छोटे दुकान होते. प्राथमिक शिक्षण संपल्यावर मुलाने दुकानात बसावे, हीच घरची अपेक्षा होती. पुढची शाळा काही कोस दूर, सिमुलिया गावी होती. तेथील डॉ. अनंतकुमार दास यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. मात्र आपले ताट आपणच धुवायचे आणि गाईची देखभाल करायची, अशी अट होती. तागाच्या गिरणीत राबणारा थोरला भाऊ तुटपुंज्या पगारातून त्यांना पैसे पाठवीत असे. पुढे ढाक्यात शिकत असताना बंगालच्या फाळणीविरुद्धच्या निषेधात भाग घेतल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि शाळाही सुटली. दुसऱ्या शाळेतून १९०९ साली प्रवेश परीक्षा देऊन ते पूर्व बंगालात पहिले आले.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू व सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखा वर्गमित्र त्यांना तेथे लाभला. परंतु ईडन हिंदू होस्टेलमध्ये त्यांची जात आडवी आली. उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्यासोबत जेवणे नाकारले. सरस्वतीच्या पूजेतही त्यांना सहभागी होऊ दिले नाही. विद्येच्या घरातच विद्यार्थ्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारी ही व्यवस्था आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या काळी खगोलशास्त्रापुढे एक कोडे होते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगपट मिळतो आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात, हे किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९च्या सुमारास जर्मनीत दाखवून दिले होते. परंतु सूर्याच्या रंगपटात कॅल्शियम व लोहाच्या रेषा ठळक, तर व्याधाच्या ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक दिसत. मग हे तारे निरनिराळ्या द्रव्यांचे घडलेले आहेत काय? हार्वर्डच्या वेधशाळेने लक्षावधी ताऱ्यांचे रंगपट वर्गांत मांडले होते, पण त्या वर्गांमागचे कारण कळत नव्हते.

ते कारण साहांनी शोधले. गणितात एम. एस्सी. झालेले साहा कलकत्ता विद्यापीठात शिकवीत असतानाच स्वाध्यायाने नवे भौतिकशास्त्र आत्मसात करीत होते. जर्मन भाषाही त्यांनी शिकून घेतली होती. उष्णता वाढली की अणूतील इलेक्ट्रॉन सुटतो. यालाच आयनीभवन म्हणतात. असा अणू वेगळ्याच रेषा उमटवितो. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणूंचे आयनीभवन होईल, याचे समीकरण त्यांनी मांडले. त्यांचा हा निबंध १९२० साली लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

आता रेषांवरून तापमान सांगता येऊ लागले. तांबूस ज्येष्ठा तारा सुमारे साडेतीन हजार अंशांचा, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा आणि शुभ्र व्याध दहा हजारांच्या आसपासचा. एखाद्या द्रव्याची रेषा दिसत नाही म्हणून ते द्रव्यच तेथे नाही, असे म्हणता येत नाही. रेषा उमटण्याजोगी परिस्थिती तेथे नसते, एवढेच. सूर्यावर न दिसणारे रुबिडियम तुलनेने थंड अशा सौरडागांत सापडेल, हे साहांचे अनुमान खरे ठरले. १९२५ साली सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने याच समीकरणाच्या आधारे बहुतेक तारे जवळजवळ एकाच घडणीचे असून त्यांत हायड्रोजन सर्वाधिक आहे, असे दाखविले. प्रस्थापितांनी तिच्या निष्कर्षावर प्रथम शंका घेतली. पुढे तोच मान्य झाला.

१९२७ साली साहा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अलाहाबाद व कलकत्ता येथे त्यांनी विद्यार्थी घडविले आणि अणुभौतिकीची संस्था उभारली. विज्ञान प्रयोगशाळेत कोंडून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. १९४३च्या दामोदर महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते, आणि त्याच दामोदर खोऱ्याच्या योजनेला बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील श्रमखात्याचे प्रमुख या नात्याने आकार दिला. १९५२ साली साहा अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. राष्ट्रीय पंचांग तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि डिसेंबरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

हेतूवाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. परिस्थिती बदलली की तेच द्रव्य नव्या रेषांनी प्रकटते, हे साहांचे गणित. शिक्षक म्हणून आम्हाला ही दोन्ही वचने एकत्र आठवतात. वर्गात मागे बसलेल्या मुलाची एखादी रेषा अजून दिसली नसेल, तर ते द्रव्यच त्याच्यात नाही असा निकाल आम्ही देऊ नये. त्याला ऊब द्यावी. वसतिगृहे त्यासाठीच असतात.