बिननावाच्या माणसांचा चित्रकार : महादेव विश्वनाथ धुरंधर

आपल्या विद्यालयातून ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, त्यांना वस्तुचित्र, छायाप्रकाश, मापन हे शब्द अनोळखी नसतील. समोर दिसते ते जसे आहे तसे कागदावर उतरवण्याची ही शिस्त आपल्याकडे रुजवणाऱ्यांत चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे चरित्र या स्मरणिकेसाठी आम्ही निवडले, त्यास आणखी एक कारण आहे. हमाल, कोळीण, धोबी, फेरीवाला अशी पोटासाठी राबणारी माणसे त्यांच्या कुंचल्याने शेकड्यांनी टिपली. कष्टकऱ्यांची मुले शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा वारसा नीट पारखून घेतला पाहिजे.

या कथेचा आरंभ युरोपात आहे. तिकडे शतकानुशतके चित्राच्या चौकटीत राजे, संत आणि देवदेवता यांनाच मानाची जागा होती. शेतकरी वा मजूर दिसलाच तर कोपऱ्यात, बहुधा हसण्याचा विषय म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये ही चौकट मोडली. गुस्ताव्ह कूर्बे याने १८४९ साली खडी फोडणारे दोन मजूर भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवले. झ्याँ फ्रान्स्वा मिले याने शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बाया रंगवल्या आणि १८५७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते चित्र मांडले. सुगी झाल्यावर उरलेली कणसे वेचणाऱ्या त्या वाकलेल्या पाठी पाहून तिथला धनिक वर्ग अस्वस्थ झाला. मराठवाड्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. सरवा हा शब्द आपल्या आजीच्या तोंडचा आहे, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आपल्यापैकी अनेकांच्या घरात होते.

त्याच १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. पुढे १८६५ साली तेथे इंग्लंडहून दोन शिक्षक आले. त्यांपैकी लॉकवुड किपलिंग यांनी कामात गढलेल्या कारागिरांची सुंदर रेखाटने केली. दुसरे जॉन ग्रिफिथ्स. आपल्या जिल्ह्याला ग्रिफिथ्स परके नाहीत. १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतील बऱ्याच लंडनच्या आगीत जळाल्या, तरी त्यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. राजपुत्र आणि बोधिसत्त्वांबरोबरच दासी, सेवक, माहूत यांनाही भिंतीवर तितक्याच मायेने जागा देणारे ते बौद्ध चित्रकार कोण होते, त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. बिननावाची माणसे ही या कथेत वारंवार भेटणार आहेत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू समाजातील कुटुंबात झाला. कोल्हापूरचेच आबालाल रहिमान हे त्यांच्या आधी मुंबईच्या कलाशाळेत शिकून नाव कमावून आले होते. धुरंधर १८९० मध्ये या शाळेत दाखल झाले आणि ग्रिफिथ्स यांचे लाडके विद्यार्थी बनले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. विषय होता मराठी घरातल्या सणाचा, लक्ष्मीच्या आगमनाचा. दुसऱ्याच वर्षी ते शाळेत शिक्षक झाले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत ते शिक्षकच राहिले, आणि ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पदकांहून मोठी वाटते.

त्यांच्या वहीला विश्रांती नसे. बाजार, घाट, रस्ता, लग्नमंडप, जिथे माणूस दिसेल तिथे पेन्सिल चालत असे. पदर कसा खोचला आहे, डोक्यावरच्या पाटीने मान कशी ताठली आहे, ओझे उचलताना पोटऱ्या कशा फुगतात, हे सारे थोड्या रेषांत येई. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या लोकजीवनावरची त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली आणि टपालातून दूरदूर गेली. १९१२ साली मुंबईचे पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकासाठी त्यांनी रेखाटने केली. त्यांत शहराच्या आडवाटा आणि तिथली माणसे आहेत.

त्यांचे या प्रकारचे सर्वांत गाजलेले काम १९२० सालचे. सनदी अधिकारी ओटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी रंगीत चित्रांची मालिका केली. ग्रंथात सरदार घराण्यांतील स्त्रिया एका प्रकरणात, मध्यमवर्गीय दुसऱ्यात आणि कष्टकरी व आदिवासी स्त्रिया आणखी निराळ्या प्रकरणात आहेत. म्हणजे समाजाची उतरंडच पुस्तकाची मांडणी झाली. चित्राखाली जात, प्रांत किंवा धंदा लिहिलेला, बाईचे नाव नाही. राज्यकर्त्यांना प्रजा प्रकारांत वाटून हवी होती, आणि चित्रकाराने ती मागणी पुरवली हे नाकारता येत नाही. इथे मिले आणि धुरंधर यांच्यातील अंतर दिसते. मिले स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता, लहानपणी शेतात राबला होता. धुरंधर पाहत होते ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने.

तरीही आम्ही ही चित्रे बाजूला सारणार नाही. मथळा प्रकाराचा असला तरी चेहरा एका विशिष्ट बाईचाच आहे. तिची नजर, तिचा थकवा, कधी तिचा रुबाब, हे कोणत्याही जातीच्या नोंदवहीत मावत नाही. चित्रकाराचा हात मथळा लिहिणाऱ्यापेक्षा अधिक प्रामाणिक होता. याच १९२० सालच्या ३१ जानेवारीला मुंबईतच बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. एका पुस्तकात जी माणसे न बोलता बसली होती, त्यांच्यासाठी त्याच शहरात त्याच वर्षी बोलण्याची जागा उभी राहिली. धुरंधरांना याची जाणीव होती असा दावा आम्ही करत नाही, पण इतिहास शिकवताना या दोन घटना शेजारी ठेवाव्यात असे आम्हांस वाटते.

बंगालमधील पुनरुज्जीवनवादी मंडळी मुंबईच्या वास्तववादी शैलीला परकीय अनुकरण म्हणून हिणवत. आमचे मत निराळे आहे. तंत्र परदेशी असेल, पण त्यामुळेच पुराणकथांबाहेरचा हमाल चित्रात आला. पैठणीच्या पदरावरचा मोर सारे ओळखतात, मागावर बसलेल्या विणकराचा चेहरा किती जणांनी पाहिला आहे?

पुढे नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांच्या कामात धुरंधरांचा सहभाग होता. रावबहादूर ही पदवी मिळाली, कलाशाळेचे संचालकपद सांभाळणारे ते पहिले भारतीय ठरले आणि १९३१ साली निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून शाळेत घालवलेल्या काळावर ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मकथन त्यांनी १९४० मध्ये मराठीतून प्रसिद्ध केले. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही त्याच शाळेत शिकून चित्रकार झाल्या. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि शतकापूर्वीच्या मुंबईच्या रस्त्यांवरची ती माणसे पुन्हा एकदा भिंतींवरून लोकांकडे पाहू लागली.