आधी अंतर, मग वेग

आर्थर लिडियार्ड यांना आपल्या तब्येतीबद्दल बराच भरवसा होता. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात १९१७ साली जन्मलेला हा माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा, रग्बी खेळायचा, आणि रग्बी खेळतो म्हणजे अंगात दम आहे असे समजायचा. वयाच्या सत्ताविशीत जॅक डोलन नावाचा मित्र त्यांना एकदा सोबत पळायला घेऊन गेला. अंतर फार नव्हते, आठ-नऊ किलोमीटर असेल. पण तेवढ्यात लिडियार्ड यांची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली आणि पाय लाकडासारखे झाले. त्या दिवशी त्यांच्या मनात एक प्रश्न बसला तो कायमचा. सत्ताविसाव्या वर्षी ही अवस्था, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी काय होणार?

धावण्याच्या सरावावर मिळतील ती पुस्तके त्यांनी वाचून काढली. त्यांतले सल्ले करून पाहिले आणि त्यांना ते फारच मवाळ वाटले. मग हिशेब सोपा होता. किती धावावे हे कुणी खात्रीने सांगू शकत नसेल, तर स्वतःवरच पाहायचे. हा काही प्रयोगशाळेतला माणूस नव्हता. घरी बायको-मुले, दिवसा कारखाना, वर चार पैसे जास्त मिळावेत म्हणून घरोघर दूध घालण्याची फेरी. उरलेल्या वेळात पळणे. एखाद्या आठवड्यात ते चारशे किलोमीटरपर्यंत धावले, तर एखाद्या आठवड्यात शंभराच्याही खाली आले. कधी जोरात, कधी रमतगमत. जास्त झाले की अंग मोडून यायचे, कमी झाले की दम वाढायचा थांबायचा. जवळजवळ दहा वर्षे हे चालले होते. शेवटी त्यांच्यापुरता आकडा ठरला तो आठवड्याला शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे एकशे साठ किलोमीटरचा. मोठ्या अंतराच्या दुसऱ्या दिवशी लहान अंतर, आणि रविवारी सगळ्यांत लांबची धाव. स्वतःच्या या सरावावर त्यांनी १९५३ आणि १९५५ साली न्यूझीलंडची राष्ट्रीय मॅरेथॉन जिंकली.

पण खरे महत्त्वाचे निरीक्षण आकड्याचे नव्हतेच. मोठे अंतर सावकाश धावल्यावर काही महिन्यांनी वेगाचा सराव सुरू केला, की तो अंगाला मानवतो. नुसताच वेगाचा सराव केला, तर काही आठवडे कामगिरी सुधारते आणि मग घसरते. हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा जगभर उलटी हवा होती. जर्मनीत प्रशिक्षक गेर्शलर आणि हृदयविकारतज्ज्ञ राइन्डेल यांनी थांबून-थांबून वेगात धावण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली होती. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या फेऱ्या अक्षरशः डझनांनी मारायचा. आठशे मीटर धावणाऱ्याने पस्तीस किलोमीटरचा डोंगर पळावा, हे कुणाला सांगितले असते तर लोक हसले असते.

शरीरात काय घडते ते आज बऱ्यापैकी ठाऊक आहे. बोलता येईल अशा गतीने रोज पाऊणेक तास किंवा जास्त वेळ धावत राहिले, की हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला अधिक रक्त बाहेर ढकलू लागतो. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढते, चरबीचे इंधन अधिक वापरले जाते आणि साठवलेली साखर पुरून उरते. हे बदल काही आठवड्यांत सुरू होतात, पण पुरते मुरायला महिने लागतात. आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे हौशी धावपटूंचे हमखास दुर्लक्ष होते. दम लवकर वाढतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे मात्र सावकाश बळकट होतात. दम आला म्हणून वेग वाढवला की नडगी किंवा टाच दुखायला लागते, ती या तफावतीमुळेच.

लिडियार्ड यांना यातले बरेचसे माहीत नव्हते. त्यांनी दिलेली काही स्पष्टीकरणे पुढे मागे पडली. थकव्याचे सारे खापर ते रक्तात वाढणाऱ्या आम्लतेवर फोडत. लॅक्टेट हे स्नायूंचे इंधनही असते हे नंतर कळले. क्रम मात्र त्यांनी बरोबर पकडला होता.

पहिला चेला मिळाला तो कारखान्यातलाच सहकारी, लॉरी किंग. तो शर्यती जिंकू लागला तशी आणखी मुले आली. मरे हॅलबर्गचा डावा हात रग्बीत झालेल्या दुखापतीने जवळजवळ निकामी झालेला होता. बॅरी मॅगी होता. आणि पीटर स्नेल नावाचा, लांब पल्ल्याच्या धावपटूला न शोभणाऱ्या दणकट बांध्याचा तरुण होता, जो मुळात आठशे मीटरचा गडी. रविवारी ही सगळी मंडळी वाइटाकेरेच्या डोंगररांगांतल्या बावीस मैलांच्या वाटेने निघायची. पल्ला कुठलाही असो, रविवारची वाट सगळ्यांना एकच.

२ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिम्पिकमध्ये स्नेल आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरला, तेव्हा न्यूझीलंडबाहेर त्याचे नाव फारसे कुणाला माहीत नव्हते. तीन दिवसांतली ती त्याची चौथी शर्यत होती. शेवटच्या काही मीटरमध्ये त्याने बेल्जियमच्या रॉजर मून्स या विश्वविक्रमवीराला गाठले आणि मागे टाकले. वेगात मून्स कमी नव्हता. चौथ्या शर्यतीलाही पायांत जोर शिल्लक राहणे, हे डोंगरातल्या रविवारांचे काम होते. त्यानंतर तासाभरातच हॅलबर्गने पाच हजार मीटरचे सुवर्ण घेतले. तीन फेऱ्या बाकी असतानाच तो सुसाट सुटला, आणि शेवटी पाय ओढत का होईना, पण आघाडी टिकवून अंतिम रेषेपलीकडे कोसळला. पुढे मॅरेथॉनमध्ये मॅगीला कांस्य मिळाले. अबेबे बिकिला अनवाणी धावून जिंकला ती हीच मॅरेथॉन.

स्नेलची गोष्ट तिथे संपत नाही. १९६१ च्या डिसेंबरमध्ये त्याने एक आख्खी मॅरेथॉन धावून काढली, आणि त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, २७ जानेवारी १९६२ रोजी वांगानुईच्या गवताच्या मैदानावर एक मैलाचा विश्वविक्रम केला. वेळ ३ मिनिटे ५४.४ सेकंद. आठवड्याभरात आठशे मीटरचाही विक्रम त्याच्या नावावर लागला. हे पाहिल्यावर हसणारे थांबले.

मग उलटाच घोटाळा झाला. प्रशिक्षकांनी लिडियार्ड यांच्याकडून शंभर हा आकडा तेवढा उचलला. खरा आराखडा पंचांगासारखा मागे मोजत यायचा. शर्यतीची तारीख धरायची आणि तिथून मागे यायचे. शेवटचे काही दिवस हलके. त्याआधीचे काही आठवडे मैदानावरच्या वेगाचे. त्याच्याही आधी सुमारे चार आठवडे चढावर उसळत धावण्याचे, म्हणजे पायांत ताकद यावी. आणि उरलेला सगळा काळ, मिळेल तेवढा, सावकाश अंतराचा. पाया घालायला वेळ कमी पडत असेल तर वेगाची अपेक्षा कमी करायची. पाया कापून वेग वाढवायचा नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी ऑक्टोबरात मोबाइलवर जे तक्ते शोधले जातात, त्यांतल्या पायाभरणी, चढ, वेग आणि विश्रांती या टप्प्यांची मांडणी बरीचशी तिथूनच आलेली आहे. ऑक्टोबरात सुरुवात करणाऱ्या नवख्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात वेगाचे दोन दिवस देणारा तक्ता लिडियार्ड यांनी बाजूला ठेवला असता.

नवख्या माणसाला ते किलोमीटर सांगतच नसत, मिनिटे सांगत. सपाट रस्त्याने पंधरा मिनिटे जायचे आणि वळून त्याच वाटेने परत यायचे. परतायला पंधरापेक्षा जास्त मिनिटे लागली, तर जाताना घाई झाली. घड्याळाशिवाय कशाचीच गरज नसलेली ही चाचणी चालणाऱ्यांनाही जशीच्या तशी लागू पडते.

या सल्ल्याचा सर्वांत मोठा फायदा धावपटूंना झालाच नाही, असेही म्हणता येईल. त्या काळी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवत, आणि पुढे आयुष्यभर जपून राहायला सांगत. १९६० नंतर लिडियार्ड यांनी ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, पोट सुटलेल्या व्यावसायिकांना सावकाश पळायला लावले. त्यांत हृदयरोगीही होते. त्यातून तिथे जॉगर्स क्लब उभा राहिला. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑरेगनचे प्रशिक्षक बिल बावरमन पाहुणे म्हणून आले आणि त्यांच्यासोबत पळायला गेले. वय एक्कावन्न, व्यवसाय धावपटू घडवण्याचा. तरीही पहिल्याच टेकाडावर ते मागे पडले. त्यांना सोबत करण्यासाठी जो गृहस्थ थांबला, तो सत्तरी ओलांडलेला होता आणि त्याला हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले होते. बावरमन परत गेले आणि एका हृदयविकारतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यांनी जॉगिंगवर पुस्तक लिहिले. त्यानंतर अमेरिकेत भल्या सकाळी रस्ते माणसांनी भरू लागले. आज हृदयविकारानंतर तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लिडियार्ड फिनलंडला गेले. एकेकाळी पावो नुर्मीसारखे धावपटू देणारा तो देश तेव्हा मागे पडला होता. तिथल्या प्रशिक्षकांनी आधी नाके मुरडली. लिडियार्ड वर्ष-दीड वर्षात परतले, पण पद्धत मागे राहिली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फिनलंडच्या लासे विरेनने पाच आणि दहा हजार मीटरची दोन्ही सुवर्णे जिंकली आणि पेक्का वासालाने पंधराशे मीटरचे.

स्नेल पुढे अमेरिकेत जाऊन व्यायामशास्त्राचे संशोधक झाले. आपल्या गुरूने अंदाजाने जे करून घेतले, ते का साधले हे डॅलसच्या प्रयोगशाळेत शोधण्यात त्यांची अनेक वर्षे गेली.

लिडियार्ड मात्र व्याख्याने देत फिरत राहिले. गुडघे आणि कंबर कुरकुरत होती, पण बोलण्याचा उत्साह तोच. २००४ च्या अखेरीस, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी ते अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. गावोगावच्या धावपटूंना पुन्हा तोच आराखडा समजावत ते टेक्ससमधल्या ह्यूस्टनपर्यंत पोहोचले. ११ डिसेंबरला तिथेच त्यांचे निधन झाले. दौऱ्यातली काही व्याख्याने अजून बाकी होती.