डॉ. म. ना. वानखडे : अमेरिका वाचून अस्मितेकडे आलेले सर

दलित साहित्याचा विषय निघाला की आपल्या वस्तीत अण्णा भाऊ साठे, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ ही नावे पटापट घेतली जातात, आणि ते रास्तच आहे. पण या साहित्याला विचारांची बैठक देणाऱ्यांपैकी डॉ. मनोहर नामदेव वानखडे यांचे नाव नव्या मुलामुलींना विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत सरांची ओळख करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सरांचा जन्म 1924 चा. विषय इंग्रजी साहित्य. शिकण्यासाठी ते अमेरिकेला गेले आणि 1965 साली फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. अभ्यासाला कवी घेतला वॉल्ट व्हिटमन. आता हा व्हिटमन कोण? तर एका सुताराचा मुलगा. शाळा लवकर सुटली, छापखान्यात खिळे जुळवायला लागला. अमेरिका 1776 मध्ये इंग्रजांपासून स्वतंत्र झाली खरी, पण तिथले कवी पुढेही बरीच वर्षे इंग्लंडकडे बघूनच लिहीत होते. देश स्वतंत्र, कविता मात्र उसनी! व्हिटमनने 1855 साली आपला संग्रह स्वतःच छापून काढला. त्यात सुतार, नावाडी, शेतकरी, गुलाम, बाजारातली माणसे आली, आणि छंदही जुना ठेवला नाही. अमेरिकेला आपला चेहरा कवितेत दिसला तो असा.

सरांनी या व्हिटमनची तुलना आपल्याकडच्या तंत्रमार्गाशी केली. तंत्र म्हणजे वेदांच्या चौकटीबाहेर वाढलेली धारा. बौद्धांमध्येही ती वज्रयानाच्या रूपाने होती. म्हणजे बघा, सर परक्या मुलखात गेले ते तिथलं नुसतं डोक्यावर घेऊन नाचायला नाही. आपला जुना वारसा सोबत घेऊनच त्यांनी परका कवी वाचला.

पण अमेरिकेचा चेहरा एकच नव्हता. फ्लोरिडा हे दक्षिणेकडचे राज्य. तिथे काळ्या माणसाची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. पाणवठ्याचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको! 1963 साली वॉशिंग्टनला लाखोंचा मोर्चा निघाला आणि 1964 ला नागरी हक्कांचा कायदा झाला. राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन हे काळे लेखक तेव्हा, आणि त्यांच्याआधी रिचर्ड राइट, आपल्या माणसांचे जगणे कुणाचीही भीड न ठेवता लिहीत होते. आम्हाला वगळून अमेरिका पुरी होत नाही, हेच त्यांच्या लेखणीचं सांगणं होतं.

अमेरिकेशी आपले हे नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि 1946 साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्रही लिहिले. वानखडे सरांनी तोच धागा साहित्यात पुढे नेला.

मायदेशी आल्यावर औरंगाबादच्या नागसेनवनात, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयात ते प्राचार्य होते. खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं तिथे होती. काळ्या लेखकांनी काय केले ते सरांनी त्यांच्यापुढे ठेवले आणि आपण काय लिहिणार, हा प्रश्न टाकला. 1967 मध्ये तिथूनच अस्मिता हे नियतकालिक सुरू झाले. पुढे त्याचेच अस्मितादर्श झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक वर्षे निष्ठेने चालवले. कितीतरी लिहिणाऱ्यांना तिथे पहिली जागा मिळाली.

कुणी म्हणेल, मग हे साहित्य अमेरिकेची नक्कलच की! तसे नाही. 1958 सालीच मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते. त्याच्याही आधीपासून आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. मूळ आपलेच होते. काळ्या माणसाचं दुःख वंशाचं आणि गुलामीचं, आपलं जातीचं. त्यांच्याकडे चर्चमधली गाणी होती, आपल्याकडे जलसा आणि बुद्धाचा विचार. सरांनी उसनवारी केली नाही. आपल्यासारखाच दुसराही कुणी लढतोय, हा धीर मात्र दिला.

1978 साली सर गेले. त्यांचे लेख दलितांचे विद्रोही वाङ्मय या नावाने 1981 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. लेखकाने समाजाशी बांधिलकी ठेवूनच लिहिले पाहिजे, ही त्यांची मागणी त्यात जागोजाग दिसते.

आता आपल्या सांताक्रूझचंच बघा. मुंबई विद्यापीठ कलिन्याला, आपल्या उशाशी. वाकोल्याच्या चाळीतून निघालेलं पोरगं चालत जाऊन तिथे इंग्रजीही शिकू शकतं आणि मराठीही. मुले शिकतात, परदेशीही जातात, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण घरातल्या आजीला पाठ असलेली भीमगीते, गाव सोडून मुंबईला आल्याची तिची हकीकत कुणी वहीत उतरवली का? ती माणसं एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर हा वारसाही गेला तर पुढे तो कोणत्याच विद्यापीठात सापडणार नाही. सरांचे स्मरण करायचे तर हार घालून भागणार नाही. प्रत्येक घरातून एक तरी वही निघाली पाहिजे.

जयभीम!