एका माणसाची वेधशाळा

पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची मालकी सरकारी होती, पण तिचा प्राण एकाच माणसात होता. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत. १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजांनी ५,००० रुपये दिले, तेवढीच भर सरकारने घातली आणि १८८८ मध्ये पुण्यात सायन्स कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातील सर्वांत मोठी राहिली.

तेजोमेघ उल्कांपासून बनतात, हा नॉर्मन लॉकियर यांचा सिद्धान्त त्या काळी गाजत होता. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात नायगमवालांना त्यास दुजोरा मिळाला नाही आणि १८९१ मध्ये त्यांनी तसे स्पष्टपणे नोंदविले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास ते विद्यार्थ्यांसह सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. तिला दुसरे घर मिळाले. पुण्याला मात्र नायगमवालांचा वारसदार मिळाला नाही.